पन्नासांतला एक

अण्णांनी मला रक्तपेढीतलं काम शिकवलं, माझ्या बहिणीचा जीव वाचवला आणि जीवशास्त्रात 'पॉप्युलेशन' कशाला म्हणतात, हेही त्यांनीच समजावून दिलं. पहिल्या दोन गोष्टींसाठी मी त्यांच्या हयातीतच त्यांच्या पाया पडलो. तिसरीचं मोल मात्र त्यांच्या माघारी वाढतच गेलं, म्हणून आज तिच्याबद्दल लिहितो आहे.

कोल्हापुरातल्या एका रक्तपेढीत मी तंत्रज्ञ म्हणून लागलो तेव्हा अण्णा तिथले मुख्य तंत्रज्ञ होते. हाताखालच्या पोरांना त्यांचा एक दंडक होता. रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासायचा. आधी रुग्णाच्या पेशींवर अँटी-ए आणि अँटी-बी टाकून गुठळ्या होतात का ते पाहायचं. मग उलट तपासणी करायची, म्हणजे रुग्णाचं सीरम घेऊन त्यात ए आणि बी गटाच्या पेशी घालायच्या. अण्णा त्यापुढे तिसरी नळी लावायला लावत, ओ गटाच्या पेशींची. या नळीत सहसा काही म्हणजे काही घडत नाही. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर नळीला हलकी टिचकी मारायची, तळाशी बसलेली लाल टिकली सुटते आणि सगळं द्रव एकसारखं लाल होतं. रोज हेच बघायचं. कंटाळून मी विचारलं, "अण्णा, ही नळी कशाला?" ते म्हणाले, "समोरच्या पेशंटसाठी नव्हे रे. दहा हजारांतल्या एकासाठी."

1980 च्या दशकात माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, ऑपरेशन ठरलं. तिचा गट ओ पॉझिटिव्ह असल्याचा कागद घरात होता. रक्ताची तयारी आमच्याच पेढीत करायची म्हणून अण्णांनी तिचा नमुना स्वतः लावला. पहिल्या तपासणीत ओ. उलट तपासणीत ए आणि बी, दोन्ही नळ्यांत गुठळ्या, म्हणजे पुन्हा ओ. तिसऱ्या नळीला त्यांनी टिचकी मारली आणि टिकली सुटली नाही. घट्ट गुठळी अख्खी उचलली जाऊन स्वच्छ द्रवात फिरत राहिली. अण्णांनी नळी उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. मग त्यांनी अँटी-एच काढलं. युरोपातल्या यूलेक्स नावाच्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांपासून ते मिळतं. ओ गटाच्या पेशींच्या त्यानं ताबडतोब गुठळ्या होतात. अक्काच्या पेशींना काहीच झालं नाही. तिचा गट ओ नव्हता. तो बॉम्बे होता.

1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट ओळखला आणि 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, म्हणून जगभर त्याला मुंबईचंच नाव आहे. ए आणि बी ही प्रतिजनं ज्या पायावर उभी राहतात, तो पाया म्हणजे एच. ओ गटाच्या माणसात हा पाया असतो, त्यावर पुढचं बांधकाम नसतं. बॉम्बे गटात पायाच नसतो. त्यामुळे या माणसांच्या सीरमला ओ गटाचं रक्तही परकं वाटतं. कागदावर विसंबून ओ गटाची पिशवी लावली असती, तर अक्काच्या शरीरानं त्या पेशी फोडल्या असत्या आणि तिच्या जिवावर बेतलं असतं.

मी आणि धाकट्या भावानं बाह्या वर केल्या. पाठच्या भावंडात असं रक्त सापडण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून शोध नेहमी घरातून सुरू होतो. आम्ही दोघंही बी निघालो. सख्ख्या बहिणीला सख्ख्या भावांचं रक्त चालत नव्हतं. मी हात टेकले तेव्हा अण्णांनी एक कोरा फॉर्म उलटा केला आणि पेन काढलं.

"घरात बघून झालं, आता समाजात बघू," ते म्हणाले आणि त्यांनी मला हार्डीचं गणित करून दाखवलं. केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी आणि जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी 1908 साली, एकमेकांना ठाऊक नसताना, ते मांडलं. एखाद्या मोठ्या समूहात लग्नं कसलीही निवड न होता होत असतील, तर जनुकाच्या दुर्मीळ रूपाचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेवढंच राहतं. दबलेला गुण दिसायला त्या रूपाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दहा हजारांत एक माणूस बॉम्बे गटाचा असेल, तर समूहातल्या त्या जनुकाच्या दर शंभर प्रतींतली एक तशी असणार, कारण शंभरांत एक गुणिले शंभरांत एक म्हणजे दहा हजारांत एक. आणि ज्यांच्याकडे अशी एकच प्रत आहे, ते साधारण पन्नासांत एक. अण्णा म्हणाले, "पाचशे पानांच्या पंगतीत दहा जण हे जनुक घेऊन जेवतायत. त्यांना स्वतःला पत्ता नाही." मी स्वतः त्या दहांतला असण्याची शक्यता तीनांत दोन होती. अक्कामुळे ती इतकी वाढली होती.

मी तोवर रक्ताकडे एकेका माणसाची चीज म्हणून पाहत होतो. अण्णांना समूह दिसत असे. बर्नस्टाइन या जर्मन गणित्याचं उदाहरण ते नेहमी देत. ए, बी, ओ हे गट दोन वेगळ्या जनुकांमुळे ठरतात, असं बरेच जण मानत होते. 1924 साली बर्नस्टाइननं निरनिराळ्या लोकसमूहांतली या गटांची प्रमाणं मांडून पाहिली आणि ती त्या कल्पनेशी जुळत नाहीत हे दाखवलं. जनुक एकच, त्याची रूपं तीन, हे उत्तर समूहाच्या मोजणीतून निघालं.

आईच्या मनाला मात्र वेगळीच टोचणी लागली होती. ती बाबांच्या मामाची मुलगी. आपल्या लग्नामुळे लेकीच्या रक्तात खोट आली, असं तिनं घेतलं. अण्णांनी तिला समोर बसवून सांगितलं, "ताई, हे तुमच्या लग्नानं आलेलं नाही. तुमच्या पणजोबांच्याही आधीपासून हे फिरतंय. अक्कात ते दिसलं, एवढंच." त्यांनी हिशेब लपवला नाही. आते-मामे भावंडांच्या लग्नात मुलाला एकाच पूर्वजाकडून आलेल्या दोन सारख्या प्रती मिळण्याची शक्यता सोळांत एक असते. त्यामुळे दहा हजारांत एकाऐवजी साधारण चौदाशेत एक मूल बॉम्बे गटाचं होईल. तरीही चौदाशेतली बाकीची सगळी वेगळ्या गटांची असतील. आई हे ऐकून घटकाभर रडली आणि मग उठून स्वयंपाकाला लागली.

पॉप्युलेशन म्हणजे नुसती डोक्यांची गणती नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. कोणाची लग्नं कोणात होतात, यावर समूहाची हद्द ठरते. इरावती कर्व्यांनी 1953 च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात हे प्रांताप्रांतांतून तपासलं आहे. मामाच्या मुलीशी लग्न उत्तरेत निषिद्ध, दक्षिणेत पसंतीचं आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला. त्याच सुमारास डॉ. एल. डी. संघवी आणि डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईत आपापसांतच सोयरीक करणाऱ्या सहा समाजांची आनुवंशिक लक्षणं मोजली. एकाच शहरात राहून या समाजांतली प्रमाणं वेगवेगळी निघाली. म्हणजे दहा हजारांत एक हा आकडा सरासरीचा. काही समाजांत हे जनुक दाट असणार, काहींत जवळपास नसणार. अण्णा दात्यांच्या नावापुढे गाव लिहून घेत, त्यामागे हेच होतं.

अण्णांच्या त्या वहीतून अक्काच्याच गटाचं एक नाव निघालं, निपाणीच्या पुढच्या एका खेड्यातल्या तंबाखूच्या शेतकऱ्याचं. निरोप पोचला आणि तो पहाटेच्या एस.टी.नं आला. आमच्या जातीचा नव्हता, सोयऱ्याधायऱ्यांतला नव्हता. आईनं भाड्याचे पैसे पुढे केले तर त्यानं हात मागे घेतले. "उद्या मला लागलं, तर अक्काच येणार की," तो म्हणाला. अक्कानं पुढे त्याच वहीत आपलं नाव लिहिलं आणि तिला बोलावणी आली तेव्हा तीही गेली. रक्ताची पिशवी शीतकपाटात जेमतेम 35 दिवस टिकते. बॉम्बे गटाचा साठा कपाटात होत नाही, तो माणसांत असतो.

1990 च्या दशकात या गटाचं जनुक वाचलं गेलं. भारतातल्या अनेक बॉम्बे गटाच्या व्यक्तींत एफयूटी1 या जनुकात नेमका एकच बदल आहे आणि शेजारचं एफयूटी2 जनुक गळालेलं आहे. हिंदी महासागरातल्या रीयूनियन बेटावर गेलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांतही हीच जोडी सापडली. दोन गोष्टी अशा एकत्र सापडतात, तेव्हा त्या एकाच पूर्वजाकडून आल्या असणार. अक्काचं आणि त्या शेतकऱ्याचं जनुक कोणी वाचलं नाही. पण ते याच जोडीतलं असेल, तर जातीच्या आणि भाषेच्या भिंती उभ्या राहण्याआधी कधीतरी दोघांचा कुणीतरी पूर्वज एकच होता.

पुढे मी सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्षी बघायला जायला लागलो. हे अभयारण्य 1979 चं. आता तिथे हा पक्षी क्वचितच दिसतो. देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. माळावर उभं राहून मी अण्णांचंच गणित केलं. पन्नास पक्ष्यांच्या थव्यात एका जनुकाच्या प्रती शंभर. शंभरांत एक असलेलं रूप तिथे एकाच पक्ष्यात असणार. तो विजेच्या तारेला धडकून मेला, की ते रूप त्या थव्यातून कायमचं गेलं. माणसांच्या कोट्यवधींच्या समूहात ते निर्धोक राहतं, कारण ते न कळत सांभाळणारे लाखो असतात. संख्या घटली की पक्षी तर कमी होतातच, पण उद्या उपयोगी पडू शकेल असं काहीतरी कुणी मोजायच्या आतच नाहीसं होतं.

अण्णांचं ऋण मी शिकवून फेडायचा प्रयत्न केला. माझ्या हाताखालची मुलं आज ज्या ज्या पेढ्यांत आहेत, तिथे ओ गटाच्या पेशींची नळी लागते. त्या शेतकऱ्याचं ऋण अक्कानं फेडलं. पण पन्नासांतल्या त्या एकाचं काय? हे जनुक कित्येक पिढ्या वाहून आणणारी ती माणसं जगली, नांदली, गेली आणि त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत. त्यांच्यामुळेच अक्काच्या रक्ताला जोड मिळाली. माझं रक्त अक्काला चालत नव्हतं, पण शेकडो अनोळखी लोकांना चालत होतं. म्हणून वयाची पासष्टी होईपर्यंत मी ते नेमानं देत राहिलो. समूहाकडून आलेलं देणं समूहालाच परत करायचं असतं, आणि त्यासाठी घेणारा कोण, हे ठाऊक असण्याची गरज नसते.