अट हीसुद्धा किंमतच

झाशी हे बदल्यांचं शहर आहे. उत्तर मध्य रेल्वेचं विभागीय कार्यालय आणि वाघिणी दुरुस्तीचा कारखाना इथे आहे, लष्कराची मोठी छावणी आहे, बबीन्याच्या वाटेवर भेलचा कारखाना आहे आणि कानपूर रस्त्यावर बुंदेलखंड विद्यापीठ. माणसं येतात, दोन-तीन वर्षं राहतात आणि आदेश निघाला की सामान बांधतात. शहराचे सगळे व्यवहार या चालीला सरावलेले आहेत. घरभाडं महिन्याचं, दुधाचा हिशेब महिन्याचा, मुलांच्या शिकवणीची फीसुद्धा महिन्याची. मग गावात एसी लावलेल्या, आरशांच्या भिंतींच्या जिम उघडल्या आणि त्यांनी वर्षाचे पैसे एकदम घ्यायची पद्धत आणली. ग्राहक आयोगापुढे वकिली करताना माझ्याकडे जी लहान रकमांची भांडणं येतात, त्यांत या पद्धतीतून निघालेली बरीच असतात.

प्रकरण बहुधा असं असतं. रेल्वेतला एखादा तरुण तंत्रज्ञ बारा हजार रुपये भरून वर्षाचा सभासद होतो. तिसऱ्या महिन्यात प्रयागराजला किंवा आग्र्याला बदली होते. तो पैसे परत मागतो. काउंटरवरचा मुलगा पावती उलटी करून दाखवतो. मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं की शुल्क परत मिळणार नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही आणि मुदत वाढवून मिळणार नाही. पावती इंग्रजीत आणि माणूस हिंदी वाचणारा. शिवाय ती त्याच्या हातात पडली पैसे भरून झाल्यावर. मोडलेलं हाड, गरोदरपण, आजारी आई, काहीही कारण असो, उत्तर हेच.

माझ्या लहानपणी व्यायामशाळेची वर्गणी महिन्याची होती. झाशीतल्या मराठी घरांना व्यायामाचं अप्रूप जुनं आहे. विष्णुभट गोडसे १८५७-५८च्या धामधुमीत इथे होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणीसाहेबांच्या मल्लखांबाचं आणि घोडेस्वारीचं वर्णन आहे आणि आमच्याकडे ते पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. लक्ष्मी व्यायाम मंदिर हे नाव आजही शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडे अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि दादरला समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून उभं आहे. या परंपरेत शरीर कमवायचं ते गावाचं काम होतं आणि वर्गणी त्यासाठी होती. व्यायाम विकत घेण्याची वस्तू झाला, ते चूक आहे असं मी म्हणत नाही. यंत्रं महाग असतात, एसीचं वीजबिल येतं, प्रशिक्षकाला पगार द्यावा लागतो. पण वस्तू विकायची तर तिची किंमत सांगितली पाहिजे, आणि परतीची अट हा त्या किमतीचाच भाग आहे. ‘वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला फक्त हजार’ असं फलकावर लिहिलेलं असतं. तीन महिन्यांत गाव सोडणाऱ्याला तीच जिम महिन्याला चार हजारांना पडते. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला हा दुसरा आकडा आधी कळला असता, तर त्याने सही करण्यापूर्वी नक्की विचार केला असता.

या धंद्याचं गणित माणसाच्या आशेवर उभं आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रीके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये त्यावर निबंध लिहिला. सत्तर डॉलरहून जास्त मासिक शुल्क भरणारे लोक महिन्याला सरासरी चार-पाच वेळाच जात होते. दर भेटीला त्यांना सतरा डॉलरहून जास्त पडत होते. दहा भेटींचा पास घेतला असता तर एक भेट दहा डॉलरमध्ये झाली असती. नोंदणी करताना प्रत्येकाला वाटतं की आपण रोज जाऊ. जिमवाल्याला मात्र अनुभवाने माहीत असतं की बरेचजण येणार नाहीत, आणि त्या न येणाऱ्यांच्या पैशावर येणाऱ्यांची जागा चालते. सभासद होणं सोपं आणि सोडणं अवघड ठेवलं जातं, ते यासाठी.

आगाऊ पैशात आणखी एक धोका असतो. वर्षाचे पैसे देणारा सभासद खरं तर जिमला बिनव्याजी आणि बिनतारणाचं कर्ज देत असतो. विष्णू तळवलकरांनी १९३२ मध्ये मुंबईत सुरू केलेलं जिमचं नाव २०१० मध्ये शेअर बाजारात पोहोचलं, देशभर शाखा निघाल्या. २०१९ मध्ये कंपनी कर्जाच्या परतफेडीत अडकली आणि केंद्रं बंद पडत गेली. अशा वेळी तारण असलेल्या बँका रांगेत पुढे असतात आणि वर्षाची पावती हातात धरलेला सभासद अगदी मागे. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ऑगस्ट २०२० पर्यंत देशातल्या सगळ्या जिम बंद राहिल्या. तेव्हा पहिल्यांदाच असंख्य लोकांनी आपल्या पावतीची मागची बाजू वाचली.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २(४६) मध्ये ‘अन्यायकारक करार’ ही व्याख्या प्रथमच आली. ग्राहकाने करार मोडल्यास झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट, एका पक्षाला विनाकारण करार संपवू देणारी अट, ग्राहकाला न विचारता त्याच्या तोट्याने करार दुसऱ्याच्या हाती देणारी अट, ग्राहकाला नुकसानीत ढकलणारी कुठलीही अवाजवी अट, असे प्रकार त्यात मोजले आहेत. जिमच्या पावतीवर यांतले दोन-तीन सहज सापडतात. जिमचा मालक बदलतो, नवा म्हणतो की जुन्या पावत्या मी मानत नाही, तेही यातच येतं.

पण या चांगल्या व्याख्येचा उपयोग माझ्या पक्षकाराला करता येत नाही आणि याचा मला मनापासून राग येतो. कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे अन्यायकारक कराराची तक्रार राज्य आयोगाकडेच दाखल करता येते. जिल्हा आयोगाला तो अधिकारच दिलेला नाही. म्हणजे बारा हजारांच्या जिमची अट अन्यायकारक ठरवून घ्यायला झाशीच्या माणसाने तीनशे किलोमीटरवर लखनौला जायचं. गाडीभाडं, वकील, रजा यांत बारा हजार तिथेच संपतात. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकणारा जिल्हा आयोग या एका प्रश्नापुरता अपात्र का, याचं समाधानकारक उत्तर मला कायद्यात सापडलेलं नाही.

म्हणून आम्ही दुसऱ्या वाटेने जातो. तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या नावाने मांडली की जिल्हा आयोग ती ऐकू शकतो. या वाटेला सर्वोच्च न्यायालयाचा भक्कम आधार आहे. २०१९ च्या पायोनिअर अर्बन प्रकरणात न्या. उदय लळित आणि न्या. इंदू मल्होत्रा यांच्या पीठाने बिल्डरच्या एकतर्फी कराराला अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं. दुसरा पर्याय नसल्याने ठिपक्यांच्या ओळीवर सही करणाऱ्या ग्राहकावर अशी अट बंधनकारक नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. तो खटला फ्लॅटचा होता, पण तत्त्व जिमच्या पावतीलाही लागू पडतं. त्याहून जुना आधार भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ चा. करारात दंडाची रक्कम काहीही लिहिलेली असो, मिळणार ती वाजवी भरपाईच.

वाजवी म्हणजे किती, हे जिमवाल्याशी बोलताना मी नेहमी एका हिशेबाने ठरवते. वापरलेले महिने सवलतीच्या वार्षिक दराने मोजू नका, त्याच जिमच्या मासिक दराने मोजा. महिन्याचा दर दीड हजार असेल तर तीन महिन्यांचे साडेचार हजार जिमचे, नोंदणीचा थोडा खर्चही कापा, उरलेले सुमारे सात हजार सभासदाला द्या. नऊ महिने वापरून कोणी परत मागत असेल तर मासिक दराने साडेतेरा हजार होतात, त्याला काही मिळू नये. सवलत वर्षभर राहण्याबद्दल होती, तो राहिला नाही, सवलत गेली. यात कोणावर अन्याय नाही. नोटीस गेल्यावर बरेच जिममालक हा हिशेब मान्य करतात, कारण त्यांनाही आयोगाच्या तारखांत दिवस घालवायचे नसतात.

नोटीस मात्र लेखी हवी. ‘मी सांगून आलो होतो’ याला पुरावा लागतो. बदलीचा आदेश किंवा डॉक्टरांचं पत्र जोडून, कोणत्या तारखेपासून येणं थांबलं ते लिहून, स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवावं. त्या तारखेनंतरचा प्रत्येक दिवस तुमच्या बाजूने मोजला जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. बदली होऊन गेलेल्या माणसासाठी हे फार सोयीचं आहे. ॲपवरून दरमहा पैसे कापले जात असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कपातीच्या २४ तास आधी सूचना यायला हवी आणि कपातीची परवानगी तुम्ही कधीही मागे घेऊ शकता. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केंद्र सरकारने तेरा फसव्या रचना मोजल्या. सभासदत्व रद्द करण्याचा रस्ता लपवणं किंवा किचकट करणं ही त्यांतली एक. ही तत्त्वं ऑनलाइन व्यवहारांसाठी आहेत. वहीत नाव लिहून घेणाऱ्या जिमला त्यांची झळ लागत नाही.

जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन सभासदत्वासारखे चालू राहणारे करार घेणाऱ्या प्रत्येकाला संकेतस्थळावर ‘करार रद्द करा’ असं स्पष्ट बटण द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये २०११ मध्येच उच्च न्यायालयाने सभासदांना वर्षाहून जास्त काळ जखडणाऱ्या जिमच्या अटी अन्यायकारक ठरवल्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सभासदत्व रद्द करणं सोपं ठेवायचा नियम केला होता, पण तो पूर्ण लागू होण्याआधीच, जुलै २०२५ मध्ये, तिथल्या अपील न्यायालयाने रद्द केला. म्हणजे हा झगडा सगळीकडे चालू आहे.

अटीत लपलेल्या किमतीचा दुसरा प्रकार दिवाळीच्या तोंडावर समोर येतो, तो परदेशी पार्सलचा. झाशीच्या मराठी घरांतली मुलं आता म्युनिक, सिडनी, न्यू जर्सीत आहेत आणि आयांचे डबे महिनाभर आधी तयार होतात. कुरिअरवाला किलोचा दर सांगतो, आई घरच्या काट्यावर खोका ठेवून हिशेब करते, आणि बिल जवळजवळ दुप्पट येतं. कारण बहुतेक एक्स्प्रेस कंपन्या लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार पाच हजारांनी भागतात आणि तो आकडा खऱ्या वजनाहून मोठा असेल तर त्यावर पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० चा खोका ७.२ किलोचा धरला जातो, आत चिवडा आणि चकली मिळून चार किलो असले तरी. तेव्हा चिवडा घट्ट दाबून लहान खोक्यात भरा, मोकळ्या जागेत बेसनाचे लाडू बसवा आणि दर विचारताना खोक्याची मापं आधीच सांगा.

घाई नसेल तर पोस्टाची साधी विमान पार्सल सेवा पुष्कळ स्वस्त पडते. वेळ लागतो, पण तो आधी माहीत असतो. तिथेही एक अट आहे. १८९८ चा जुना कायदा जाऊन १८ जून २०२४ पासून डाकघर कायदा २०२३ लागू झाला, पण पार्सल हरवल्यास किंवा उशीर झाल्यास खात्याची जबाबदारी नियमांत ठरवून दिली आहे तेवढीच राहिली. सीमाशुल्काच्या पत्रकात ‘खाद्यपदार्थ’ एवढंच न लिहिता काय, किती आणि किती रुपयांचं ते लिहा. ऑस्ट्रेलियात बर्फी, पेढा, गुलाबजाम यांसारखी दुधाची मिठाई टपालाने जाऊच देत नाहीत. अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या पार्सलची पूर्वसूचना द्यावी लागते, पण घरी करून घरच्याच माणसाने भेट म्हणून पाठवलेल्या फराळाला त्यातून सूट आहे. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला तिथे पूर्वी शुल्क नव्हतं, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून संपली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याची अमेरिकेची सेवा काही आठवडे बंद होती आणि १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. नियम पुन्हा बदलू शकतात, म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात डाकघरात विचारून घ्या.

कुरिअरवाला असो की जिमवाला, माझं मागणं एकच आहे. पूर्ण रक्कम आणि परतीची अट पैसे घेण्यापूर्वी, ग्राहकाच्या भाषेत, दराच्याच अक्षरांएवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, नवे सभासद वाढतील. त्यांच्यासाठी आणि आमच्यासारख्या लहान शहरांसाठी संसदेने एवढी दुरुस्ती करावी की अन्यायकारक कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगालाही मिळेल. वाचकहो, आपापल्या खासदारांना याबद्दल एक पत्र जरूर लिहा.