बाबांची भटकंती

निसर्गप्रेम हा भरल्या पोटाचा छंद, असं म्हणणाऱ्यांनी आमचे बाबा पाहायला हवे होते.

बाबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली होती. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. म्हणजे बाबांच्या अंगावरची वर्दीच मुळात लढून मिळवलेली.

पेन्शनीत आल्यावर ते पहाटे आम्हा भावंडांना डोंगरावर न्यायचे. आवाजावरून पाखरू ओळखायचे, करवंदं तोडून द्यायचे आणि उतरताना गावतळ्यावर बसून ओंजळीनं पाणी प्यायचे. त्याच तळ्याला शिवायची आमच्या आजोबांना मुभा नव्हती. त्यांच्या वाट्याला रान आलं ते मोळीपुरतं आणि मेलेली ढोरं ओढण्यापुरतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जो हक्क बजावला, तोच बाबा रोज सकाळी बजावत होते.

बाबा गेले. आता तळ्याकडच्या वाटेवर फार्महाऊसचं कुंपण येतंय. काल जातीनं अडवलेली वाट आज पैसा अडवतो आहे. पुण्यानुमोदनाला फोटोला हार घालून आमचं भागणार नाही. ती वाट सगळ्यांसाठी खुली राहावी म्हणून आम्ही ग्रामसभेत उभे राहणार आहोत. बाबांना हेच अभिवादन.

जय भीम!