खानावळीची वही

मुंबईत हिंदमाताला वाढलेल्या माणसाला पावसाळ्यात हमखास फोन येतात. टीव्हीवर गुडघाभर पाण्यात अडकलेली बेस्टची बस दिसली की साताऱ्याची मावशी विचारणार, ‘घरात पाणी शिरलं का रे?’ आता प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पालिकेनं पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यात, पूर्वीसारखं तुंबत नाही. पण नाव पडलं ते पडलंच. आमचा राजापूरचा मित्र यावर नेहमी म्हणतो, ‘आमच्या जवाहर चौकात अर्जुना आणि कोदवली, दोन्ही नद्या येतात. तुमच्याकडे नुसतं गटार.’

या मित्राकडे गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे गेलो होतो. एक बेस्टमधून निवृत्त, एक हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात उभं आयुष्य काढलेला, आणि मी. ठरवून आराम करायला, कुठंही काही बघायला नाही.

पण तिथं मला आराम नुसता आराम म्हणून कधीच करता येत नाही. त्याचं कारण माझ्या आईची खानावळ.

माझे वडील माणदेशातले, गिरणीच्या साचेखात्यात कामाला. चाळीतल्या आमच्या खोलीत आई पंधरा-वीस गड्यांचं जेवण करायची. बहुतेक सगळे राजापूर-लांज्याकडचे. ते राहायचे वरच्या मजल्यावर, गावकीच्या खोलीत. तिथं माणसं पाळीप्रमाणे झोपत. एक उठला की त्याच्याच वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी. माझा मित्र पाचवीत असताना शिकायला म्हणून आला आणि वडिलांबरोबर त्याच खोलीत राहू लागला. अभ्यास मात्र आमच्याकडे, चुलीजवळ. आई ज्वारी-बाजरीच्या मुलखातली, तिला मासे साफ करता येत नव्हते. मित्राचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणायचो, सुट्टीच्या दिवशी सुपारीबागेच्या बाजारातून बांगडे आणत आणि दारात उकिडवं बसून तिला शिकवत. कल्ले कुठून ओढायचे, तिरफळं किती ठेचायची, आणि ती शिजताना घालायची, आधी नाही. पुढं आईच्या हातचं तिरफळाचं बांगड्याचं सार खायला इतर चाळींतली माणसं मेंबर होऊ लागली. (आम्हाला ‘घाटी’ म्हणणारे कोकणी घाट्याच्या घरचं सार भुरकत बसलेत, हे दृश्य गिरणगावातच दिसायचं.) प्रेमा पुरव यांनी 1975 साली खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यांच्यामार्फत आईनंही बँकेचं कर्ज घेतलं आणि मोठी पातेली आणली. काका कधी कधी दामोदर हॉलमध्ये नमनाला ढोलकी वाजवायला जात, त्या रात्री त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असे.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व, मान्यताप्राप्त युनियनच्या मजूर मंझिलवर राग, हे सगळं पुष्कळ लिहून झालंय. खानावळवालीकडून बघितलं तर संप असा दिसायचा: जेवणारे तेवढेच, पैसे देणारा कुणी नाही. आईनं दोन महिने जेवण बंद केलं नाही. वहीत नावापुढं रकमा चढत गेल्या. मग एकेक जण गावाला निघाला. काका निघाले तेव्हा त्यांच्या नावावर बरीच बाकी होती. मित्राची दहावीची परीक्षा संपण्याची वाट बघत ते थांबले होते. आई म्हणाली, ‘मिल चालू झाली की बघू.’ काका काही बोलले नाहीत.

त्या दिवाळीनंतर परळ डेपोत एसटीच्या टपावरून उकड्या तांदळाचं एक पोतं उतरलं. वाडीतला एक जण ते डोक्यावर घेऊन आमच्या जिन्यानं वर आला. पोत्याच्या तोंडाशी सुतळीत अडकवलेली चिठ्ठी होती: ‘हे खात्यात धरू नये.’ तेव्हा वडिलांना घरी बसून दहा महिने झाले होते, खानावळ जवळजवळ बंद होती. त्या पोत्यावर आमचा हिवाळा निघाला. आईनं मात्र वही उघडली आणि काकांच्या पानावर, जमेच्या बाजूला, लिहिलं: ‘तांदूळ’. आकडा लिहिला नाही. पुढं दरवर्षी पोतं येत राहिलं, आणि दरवर्षी त्या पानावर एक ‘तांदूळ’ वाढत गेला. संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तसा तो हिशेबही.

माणदेशात आमचं शेत होतं, पण उन्हाळ्यात तिथं प्यायचं पाणी लांबून आणावं लागे. त्यामुळे मे महिन्यात चाळ रिकामी व्हायची तेव्हा मी राजापूरला जायचो, घरचा असल्यासारखा. पोहायला तिथं शिकलो, फणस फोडायला तिथं शिकलो.

आता एसटीच्या टपाची गरज नाही. मध्यरात्री दादरला तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी राजापूर रोड. स्टेशन गावापासून बरंच लांब, पण मित्र रिक्षा घेऊन हजर असतो. भात झोडून झालेलं, खळ्यात पेंढ्याची उडवी, खाली मळ्यात पावटा. पहिल्या सकाळी आमचा बेस्टवाला चार वाजताच उठून बसला, पहिल्या पाळीची सवय. त्याला पुन्हा झोपवायला काकींनी, म्हणजे मित्राच्या आईनं, अंधारातच चुलीवर चहा टाकला. काकी नव्वदीला टेकल्यात. कंबर वाकली आहे, पण चुलीवरचा ताबा सुनेकडे दिलेला नाही.

दिवस कसे गेले म्हणाल तर पडवीत. कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी खाऊन लवंडायचं, उठून मेंढीकोट, पुन्हा लवंडायचं. एकदा उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर आंघोळीला गेलो, तेवढीच हालचाल. गप्पा मात्र भारतमाता टॉकीजच्या पुढं सरकल्या नाहीत. कुठल्या पिक्चरला कुणी कुणाचं तिकीट काढलं होतं, यावर साठीची माणसं तावातावानं भांडत होती.

तिसऱ्या दिवशी खर्चाचा विषय निघाला. आम्ही वर्गणी काढली होती. मित्र म्हणाला, ‘पैसे आईच्या हातात द्या. हिंमत असेल तर.’ तिघांपैकी कुणीही उठलं नाही. साडीवाल्यानं दुकानातून काकींसाठी सुती नऊवारी आणली होती, ती तेवढी त्यांनी घेतली. पदर चिमटीत धरून उजेडात बघितला, किंमत विचारली, महाग म्हणून त्याला झापलं. आणि संध्याकाळपर्यंत तिघांच्या पिशव्यांत आमसुलं, कुळीथ आणि नारळ भरून झाले होते.

किनाऱ्यावर हल्ली जागोजाग होमस्टेच्या पाट्या दिसतात. चांगली सोय असते, लोकांना रोजगार मिळतो, मी त्याच्या विरोधात नाही. तिथं बिल भागवलं की दोन्ही बाजू मोकळ्या. मला मात्र या एका घरी मोकळं व्हायचं नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी काकींना वहीबद्दल सांगितलं. आई गेल्यावर ती मला तिच्या पत्र्याच्या पेटीत सापडली, त्यात काकांचं पान आहे, बाकीही आहे आणि तांदूळही. काकांच्या माघारी त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या पिठाचे हात तसेच ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुज्या आयशीन आमच्या ह्यांना कधी उपाशी झोपवलान नाय. आता तू जेव.’ आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मुंबईला आल्यावर मी ती वही पुन्हा पूर्ण वाचली. अठरा माणसांची खाती आहेत. कुणाच्या नावापुढं ‘गावी गेला’, कुणापुढं ‘मुलगी आजारी, मागू नये’. संपाच्या काळात गिरणगावात कोण कुणाच्या जिवावर जगलं, हे इतक्या बारकाईनं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. लालबाग, परळ, नायगाव, भोईवाड्यात अशा खानावळी घरोघर होत्या, त्या बायकांच्या वह्याही असणार. चाळी पाडायला निघाल्यात, पेट्या रिकाम्या होतायत. तुमच्या आईची, आजीची अशी वही घरात असेल तर ती रद्दीत घालू नका. आधी वाचा, आणि त्यातलं एखादं नाव अजून गावात असेल तर एकदा त्याच्या घरी जेवून या.