एसटीने मोगलाईत

फुलसावंगीच्या बसथांब्यावर पाठीवरची सॅक बघून शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठं चालले भाऊ?" माहूरला, म्हटलं. "म्हंजे मोगलाईत," असं म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. निजाम जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण नदीपल्याड अजून मोगलाईच. सरहद्दींचं मला जुनं वेड. त्या एका शब्दाने माहूरची देवी मागे पडली आणि डोक्यात पैनगंगा वाहू लागली.

धनोड्याच्या पुलावर उतरलो. आजच्या नकाशात अलीकडे यवतमाळ, पलीकडे नांदेड. काठावर कापूस, सोयाबीन दोन्हीकडे सारखंच. पण १९४८पर्यंत पलीकडे पाऊल टाकलं की नाणं बदलायचं: अलीकडे कलदार, तिकडे हाली शिक्का. कचेरीची भाषा उर्दू. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, आणि तीही शेकडा पाच. नवस फेडायला निघालेल्या वऱ्हाडी कुटुंबाला आपल्याच कुलदेवतेसाठी दुसऱ्याच्या राज्यात जावं लागे. परदेश म्हणायला आणखी काय लागतं?

पुसदला इतिहास शिकवलेल्या एका स्नेह्यांना पुलावरूनच फोन लावला. ते उखडले. "परदेश कसला? दोन्ही काठ निजामाचेच!" कागदावर त्यांचं खरं आहे. १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. मालकी त्याचीच राहिली. १९०२मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला, तरी मालकी निजामाचीच. १९३६च्या कराराने तर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. त्याची बायको दुरुशेहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी, लग्न फ्रान्सातल्या नीस शहरात. म्हणजे कागदोपत्री फुलसावंगीची युवराज्ञी इस्तंबूलच्या राजवाड्यातली! कापसाच्या पऱ्हाटीत उभं राहून हे आठवलं की हसू येतं.

मी म्हटलं, सर, मालकी एकाचीच होती तर १५ ऑगस्ट १९४७ला अलीकडच्या काठावर तिरंगा कसा चढला? वऱ्हाड परत मिळावं अशी मागणी निजामाने करून पाहिली होती, ती कुणी मनावर घेतली नाही. पलीकडे मात्र तेरा महिने रझाकारांचे गेले, आणि सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतरच सुटका झाली. सरांनी "पुन्हा बोलू" म्हणून फोन ठेवला.

माहूरची खोली भक्तांसाठी होती, झोपणाऱ्यांसाठी नव्हे. पंखा होता, वीज नव्हती; वीज आली तेव्हा खालच्या हॉलमध्ये भजन सुरू झालं. पहाटेच निघालो आणि रेणुका, दत्तशिखर, अनसूया हे तिन्ही डोंगर दुपारच्या आत उरकले. मूर्तींविषयी माझ्याहून जाणते पुष्कळ लिहितात. देवीच्या कुटलेल्या विड्याचा तांबूल तेवढा दोनदा मागून घेतला. सोनापीरच्या दर्ग्यातही कपाळाला कुंकू लावलेल्या बाया होत्या, आणि त्यात कुणालाच काही नवल वाटत नव्हतं.

रेंगाळलो तो किल्ल्यावर. बरोबर आलेला पोरगा प्रत्येक बुरूज पांडवांच्या नावावर लावत होता. रायबाघनचं नाव मीच काढलं, तर म्हणाला, "होत्या एक राणी, मराठ्यांच्या बाजूच्या." छे! माहूरची ही देशमुखीण औरंगजेबाच्या फौजेत होती. १६६१मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं तेव्हा ती त्याच्याच बरोबर होती, आणि शरण जा असा सल्ला तिनेच दिला म्हणतात. तिला आपल्या बाजूला ओढायची पोराला एवढी घाई का? तिने ज्याचं मीठ खाल्लं त्याची तलवार धरली. आणि ती ज्या माहूरची, ते अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्याचंच एक सरकार होतं. मग मोगलाई नक्की कोणत्या काठाला म्हणायची?

संध्याकाळी सरांचाच फोन आला. रात्रभर त्यांनीही वाद घोळवला असावा. १९३६चा करार नीट वाच, म्हणाले. मी उमरखेड काढलं. रझाकारांच्या दिवसांत स्टेट काँग्रेसच्या छावण्या वऱ्हाडच्या सरहद्दीवर पडल्या, त्यात उमरखेडही होतं. पल्याडचे कार्यकर्ते नदी ओलांडून येत, कारण निजामाच्या पोलिसांचा हुकूम अलीकडे चालत नसे. सरहद्द नसती तर ते लपले कुठे असते?

"तो व्यवहार झाला, कायदा नव्हे," सर म्हणाले.

त्या माणसांचा जीव व्यवहारानेच वाचला, मी म्हटलं. सर आता उमरखेडच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरचे कागद बघायला यायचं म्हणतात, पण १७ सप्टेंबरनंतर. त्या दिवशी त्यांना माहूरच्या मुक्तिदिनाच्या झेंड्याला बोलावलंय. फुलसावंगीत तो दिवस कुणाच्या ध्यानातही नसतो.