सरासरी आणि तांडा

अंबड तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि आशा यांना साथीचे गणित शिकविण्याचे काम मजकडे आले, तेव्हा आरंभ कोठून करावा याविषयी माझ्या मनात संदेह नव्हता. ज्या निबंधावर या शास्त्राची इमारत आजही उभी आहे, तो 1927 सालचा कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा निबंध एडिंबऱ्यात लिहिला गेला खरा, परंतु त्यातील सूत्र पडताळण्यासाठी घेतलेले आकडे 1905-06 सालच्या मुंबईच्या प्लेगचे होते; आणि आठवड्यागणिक मृतांचे ते आकडे ज्या अनाम नोकरवर्गाने दप्तरी दाखल केले, त्याच परंपरेतील आपण आहात, हे मी त्यांना प्रथम सांगितले.

मग खडूने फरशीवर तीन वर्तुळे काढली: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि त्यातून सुटलेले. शंभर चिंचोके घेऊन, कोणीच संरक्षित नसता गोवराचा एक रुग्ण सरासरीने 12 ते 18 जणांना रोग देतो, म्हणून शंभरांपैकी सुमारे 95 मुले संरक्षित असावी लागतात, हे मी दाखवीत असता एक ज्येष्ठ सेविका उठल्या.

“सर, ही शंभर लेकरं एकमेकांत सारखी मिसळतात असं तुम्ही धरलंय. आमच्याकडं तसं नाही. दिवाळी झाली की तांड्यावरची निम्मी घरं मुकादमासंगं ऊसतोडीला जातात. कुणाचा नऊ महिन्यांचा डोस चुकतो, कुणाचा सोळा महिन्यांचा.”

असे म्हणून त्यांनी दहा चिंचोके उचलले आणि एका कोपऱ्यात एकत्र ठेवले. “कागदावर नव्वद टक्के झालं. राहिलेली दहाही इथंच, एका कोपीला लागून दुसऱ्या कोपीत.”

सर्वांचा सर्वांशी समान संपर्क येतो, हे त्या मूळ सूत्राचे गृहीतकच आहे, आणि पुढील शास्त्रज्ञांनी लोकसंख्येचे गट पाडून ते सुधारले. परंतु गट कोठे पाडावेत, हे ज्या बाईला घरोघरच्या पायपिटीने ठाऊक झाले आहे, तिच्याकडून आपण केवळ रकाने भरून घेतो आणि त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार वरच्या कचेऱ्यांकडे राखतो, हे मला अन्यायाचे, आणि त्याहूनही अधिक अशास्त्रीय वाटते.

दुपारी सूत्रे बाजूस राहिली. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर जाते, केव्हा परतते, त्या मुदतीत कोणत्या मुलाचा डोस येतो, याचा तपशील प्रत्येकीने आपल्या वस्तीपुरता लिहून काढला. सोळा महिने पूर्ण झालेल्यांना दुसरा डोस निघण्यापूर्वीच देता येत होता; प्रश्न उरला तो वाटेत नऊ महिन्यांच्या होणाऱ्या तान्ह्यांचा. त्यांची यादी नुसती तालुक्याच्या दप्तरात न पाठविता तिची एक प्रत कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रासही धाडावी, आणि लसीकरणाचे कार्ड आईच्याच हाती द्यावे, अशी तजवीज त्याच सेविकेने सुचविली, व वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती तत्काळ मान्य केली.