बांध नसलेलं गाव

नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनमध्ये शेतांना कुंपण नाही, बांधही नाही. तरीही शेजाऱ्याच्या जमिनीत घुसलेला नांगर लपत नाही. कारण वर्षातून एकदा अख्खी ज्युरी शिवारात उतरते!

इंग्लिश खेडं म्हटलं की डोळ्यांसमोर एक टिपिकल चित्र उभं राहतं. गवताने शाकारलेली कॉटेजेस, दारावर चढलेले गुलाब, मधोमध हिरवंगार क्रिकेट ग्राउंड, आणि अगाथा ख्रिस्ती वाचलेली असेल तर व्हिकरच्या घरात पडलेला एखादा मुडदा! लॅक्स्टन या चित्रात नीट बसत नाही. घरं साधी, लाल विटांची, बरीचशी कौलारू. एक चर्च, एक पब. पाच मिनिटांत गाव संपतं आणि तुम्ही 'आता काय?' म्हणत रस्त्याच्या टोकाला उभे राहता.

तिथून पुढेच खरी गंमत आहे. समोर पसरलेल्या शिवाराकडे नीट बघा. इंग्लंडमध्ये ट्रेनच्या खिडकीतून जो हिरवा चौकटींचा पट दिसतो, प्रत्येक शेताला झुडपांची किनार, ती इथे गायब आहे. एकच मोठंच्या मोठं रान, आणि त्यात शेजारी शेजारी लांबलचक पट्ट्या. एक पट्टी एका शेतकऱ्याची, पलीकडची दुसऱ्याची. मध्ये काय? नांगराचं एक तास आणि कोपऱ्यात ठोकलेली लाकडी खुंटी. बस्स!

आपल्याकडे बांधावरून सख्ख्या भावांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्याच्या कहाण्या घरोघरी ऐकायला मिळतात. मग इथे बांधच नसताना इतकी शतकं लोकांनी एकमेकांची डोकी कशी फोडली नाहीत?

तीन शेतं, तीन वर्षं

मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती अशीच चालायची. गावाभोवती दोन-तीन प्रचंड मोठी शेतं, त्यांच्या शेकडो पट्ट्या, आणि प्रत्येक कुटुंबाच्या पट्ट्या सगळीकडे विखुरलेल्या. थोडी चांगली जमीन, थोडी चिबड, असं सगळ्यांच्याच वाट्याला यायचं. लॅक्स्टनची तीन शेतं आजही आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसऱ्याला विश्रांती. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे. पूर्वी तिसरं शेत पडीक ठेवायचे, आता त्यात गवत किंवा चारा घेतात. पण चक्र तेच.

यातली मेख अशी, की मनात आलं म्हणून कुणाला एकट्याने वेगळं काही पेरता येत नाही. सगळ्यांनी गहू म्हणजे गहू!

पट्टीच्या लांबीचीही गोष्ट आहे. जुन्या मराठी कादंबऱ्यांत 'गाव दोन फर्लांगांवर होतं' असं वाचलेलं आठवतंय? इंग्रजीत त्या फर्लांगाचा अर्थच मुळी 'नांगराच्या तासाची लांबी' असा आहे. २२० यार्ड, म्हणजे साधारण दोनशे मीटर. लॅक्स्टनच्या शिवारात उभं राहिलं की हा शब्द कुठून आला ते पायाखालीच दिसतं.

पंचांची सहल

नोव्हेंबर संपता संपता इथे 'ज्युरी डे' येतो. थंडी कडाक्याची, जमीन ओली, सगळ्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे वेलिंग्टन बूट. गावातल्या शेतकऱ्यांमधून नेमलेली बारा जणांची ज्युरी ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरवर बसून निघते. सोबत लाकडी खुंट्या आणि ठोकायला मोगरी. त्या वर्षी ज्या शेतात गहू पेरलाय, ते शेत ही मंडळी पट्टी पट्टी करून तपासतात. म्हणजे दर तीन वर्षांनी प्रत्येक शेताची पाळी येते.

बघायचं काय? खुंटी हललीये का? कुणी नांगरताना शेजाऱ्याच्या हद्दीत गेलंय का? सामायिक रस्ता किंवा गवताचा पट्टा हळूच कोरलाय का? चर साफ केलाय की नाही? हललेली खुंटी तिथल्या तिथे नव्याने ठोकली जाते. कुणाची काय चूक ते टिपून घेतलं जातं. मग सगळे पबमध्ये जेवायला! पबचं नाव 'डव्हकोट इन', म्हणजे आपल्या भाषेत ढाबळ. जेवण झालं की दंड ठरतो.

आठवड्याभराने त्याच पबमध्ये 'कोर्ट लीट' भरतं. हे गावचं जुनं मॅनर कोर्ट. जमीनदाराचा प्रतिनिधी असलेला स्टुअर्ड अध्यक्ष, नावांची हजेरी, ज्युरीला शपथ, दंडाची नोंद आणि पुढच्या वर्षीच्या ज्युरीची नेमणूक. दंडाची रक्कम फार मोठी नसते. पण ज्यांच्याबरोबर आत्ताच बिअर घेतली त्यांच्यासमोर 'अमुक पट्टीवर अमक्याने हद्द ओलांडली' असं वाचून दाखवलं जाणं, हाच खरा दंड!

हा सगळा प्रकार हौशी लोकांनी पर्यटकांसाठी मांडलेला देखावा वाटेल. पण नाही. ब्रिटिश संसदेने १९७७ साली कायदा करून अशा जुन्यापुराण्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचं कोर्ट मात्र वगळलं. शेतांचा कारभार बघायचा अधिकार त्याच्याकडे आजही आहे.

गवताचा लिलाव

नांगरता न येणाऱ्या उतारांवर आणि ओलसर सखल जागांवर इथे गवत राखलेलं आहे. या पट्ट्यांना 'साइक्स' म्हणतात. आपलं गायरानच म्हणा ना! उन्हाळ्यात या गवताचा लिलाव होतो आणि येणारा पैसा हक्कदारांमध्ये वाटला जातो. कधी नांगर न लागल्यामुळे या पट्ट्यांत रानफुलांची अशी रेलचेल आहे, की सरकारने त्यांना विशेष वैज्ञानिक महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण दिलंय. सामायिक मालकीने फुलंही वाचवली, असं म्हणायला हरकत नाही.

गावात एक जुना कोंडवाडाही आहे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर आणून कोंडायचं, मालकाने दंड भरून सोडवायचं. सातारा-सांगलीकडून आलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही!

सातबाऱ्याचा बाप

लॅक्स्टनचं नाव इतिहासकारांच्या तोंडी असतं ते एका नकाशामुळेही. १६३५ मध्ये मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने हा नकाशा काढला. गावातली प्रत्येक पट्टी, प्रत्येक घर त्यात आहे, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी चिमुकली माणसं. मूळ नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. आजच्या पट्ट्या त्यापेक्षा संख्येने खूप कमी आणि आकाराने मोठ्या आहेत, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या एकत्र करण्यात आल्या. पण शेतांची नावं आणि ठेवण ओळखू येते.

हा नकाशा करून घेणारा गावचा तेव्हाचा मालक सर विल्यम कोर्टन, आणि इथे आपला एक धागा जुळतो. कोर्टन हा लंडनचा बडा व्यापारी. पूर्वेकडच्या व्यापारावर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता असतानाही राजा पहिल्या चार्ल्सने त्याच्या मंडळाला स्वतंत्र परवाना दिला. या मंडळाची जहाजं कॅप्टन वेडेलच्या हाताखाली १६३६ मध्ये थेट गोव्याला येऊन पोहोचली. पुढे कारवारला त्यांची वखारही निघाली. म्हणजे एकीकडे पट्टी पट्टी मोजणारा मोजणीदार, दुसरीकडे मिरीच्या मागे धावणारी जहाजं, आणि दोघांचा मालक एकच! कोर्टन मात्र १६३६ मध्येच वारला.

मग बाकीची गावं कुठे गेली?

कुंपणांनी गिळली. ब्रिटिश संसदेच्याच आकडेवारीनुसार १६०४ ते १९१४ या काळात जमिनींना कुंपण घालण्यासाठी ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात गेली. हे इंग्लंडच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त क्षेत्र आहे. पट्ट्या एकत्र करून सलग शेतं झाली, उत्पन्न वाढलं, हे खरंच. पण ज्याची स्वतःची जमीन नव्हती, नुसता गाय चारायचा किंवा सरपण गोळा करायचा हक्क होता, त्याच्या हाती काय राहिलं? कित्येकांच्या हाती मजुरी तेवढी राहिली. ट्रेनमधून दिसणारा तो देखणा चौकटींचा पट बऱ्याच ठिकाणी या व्यवहाराची खूण आहे.

लॅक्स्टन वाचलं ते कुणाच्या दूरदृष्टीमुळे नाही. गावात दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो. त्यांच्या पट्ट्या एकमेकांत अशा गुंतलेल्या, की अदलाबदलीचं घोडं पुढे सरकेना. काही भागाला कुंपण पडलं, तीन शेतं राहून गेली. पुढे ती राहिलीत हे लक्षात आल्यावर जपायची धडपड सुरू झाली. १९५२ मध्ये मॅनव्हर्स घराण्याने इस्टेट ब्रिटिश कृषी मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली. आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅनव्हर्सच्याच वारसांकडे! शेतकरी या सगळ्यात बहुतेक कूळच राहिले. मालक बदलले, ज्युरी डे चुकला नाही.

पुढे काय?

खरी काळजी मालकाची नाहीच. खुंटी ठोकणारे हात पुरेसे उरतील का, हा प्रश्न आहे. एकेकाळी गावातलं जवळजवळ प्रत्येक घर शेतीवर चालायचं, आता शेतकरी मोजकेच उरलेत. अवाढव्य मशीन्सच्या जमान्यात पट्ट्यांची शेती जिकिरीची. त्यात ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचं थेट अनुदान २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत गेलं. शेतकऱ्याचा मुलगा लंडनला किंवा लीड्सला नोकरी करायला गेला तर त्याला दोष कोण देणार? आपण तरी कुठे गावी राहिलो?

पण ज्युरीला बारा माणसं लागतात. नुसती बारा डोकी नव्हेत, तर कुठली खुंटी कुठे होती हे माहीत असलेली बारा माणसं. इमारत जपता येते, नकाशा काचेत ठेवता येतो. ही माहिती मात्र दरवर्षी चिखलात उतरूनच एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

मला लॅक्स्टन आवडलं ते याचसाठी. 'गावाची एकी' वगैरे भाबड्या गप्पा इथे नाहीत. इथल्या व्यवस्थेने मुळातच धरून चाललंय की माणूस लबाडी करणार, वीतभर तरी पुढे सरकणारच. म्हणून दरवर्षी जायचं, मोजायचं, खुंटी ठोकायची, चारचौघांत दंड लावायचा आणि एकत्र जेवायचं. आपल्या सोसायटीच्या पार्किंगचं भांडण आठवा. वर्षभर व्हॉट्सअॅपवर धुसफुसण्यापेक्षा बारा जणांनी खडू घेऊन एकदा खाली उतरावं. आणि हो, नंतर जेवायलाही जावं!

कसं जाल? काय बघाल?

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून न्यूअर्क नॉर्थगेटपर्यंत ट्रेन, साधारण सव्वा ते दीड तास. तिथून पुढे गाडी किंवा टॅक्सी केलेली बरी. बसच्या भरवशावर राहू नका.

शेतांमधून पायवाटा आहेत, पण पिकात पाय घालू नका. दंड होईल! पावसाळी बूट न्याच. डव्हकोट इनच्या आवारात शेतीपद्धतीची माहिती देणारं छोटं केंद्र आहे. पब आणि केंद्राच्या वेळा आधी बघून घ्या.

गावाच्या उत्तरेला नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकाडं आहेत. इथले सरदार शेरवुडच्या जंगलाचे राखणदार होते, म्हणजे रॉबिन हूडच्या गोष्टींतली विरुद्ध पार्टी! सेंट मायकेल चर्चमध्ये मध्ययुगीन स्त्रीची ओक लाकडातली दुर्मीळ प्रतिमा आहे. हातात वेळ असेल तर गावाजवळचं नॅशनल होलोकॉस्ट सेंटर चुकवू नका. ते १९९५ मध्ये सुरू झालं.