उत्तनच्या किनाऱ्यावर

गेल्या माघांत नातवासह भाईंदरहून उत्तनला जाण्याचा योग आला. मिठागरें मागें पडतांच त्यानें विचारलें, "आजोबा, आपले देव म्हणजे परग्रहावरून आलेले पाहुणे तर नसतील?" एरिक फॉन डॅनिकेन यांनीं १९६८ सालीं हा तर्क ग्रंथरूपानें मांडला, फ्रान्समधील क्लोद वोरिलों यांनीं तर, १९७३ सालीं आपणांस परग्रहवासी भेटले असें सांगून, त्यावर पंथच उभारला.

किनाऱ्यावर होड्या ओढून ठेविलेल्या होत्या; गांवांत चर्च. मी म्हटलें, "पाहुण्यांनीं धर्म आणल्याचा दाखला हा येथें आहे! १५३४ सालीं वसई प्रांत पोर्तुगीजांकडे गेला आणि येथील बहुतेक कोळी कालांतरानें ख्रिस्ती झाले. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांस घालविलें. तरी पाव, चावी, पगार हे त्यांचे शब्द आपल्या घरांत आहेतच. आकाशांतून आलेल्यांचा एखादा शब्द, एखादा खिळा तरी दाखव! देव हा शब्दहि 'दिव्', म्हणजे प्रकाशणें, या आपल्याच धातूपासून झालेला." (मास्तरकीची खोड जाते कोठें, वाचकहो!)

"पण आजोबा, आपल्या देवांचा तरी खिळा कोठें सांपडला आहे?"

मजजवळ उत्तर नव्हतें. बस येईपर्यंत, नाकाला उपरणें लावून, मी बांबूंवर वाळत घातलेले बोंबील पाहत राहिलों.